आधी लेखणी, मग वाघीण

2023 मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण पेंचचं जंगल काही त्यामुळे दूर गेलं नाही. मोहगाव-सौसरकडच्या माणसाला वाघाच्या गोष्टी नवीन नाहीत. नवीन आहे ती वाघावर सिनेमा काढणाऱ्या दोन लेखकांची गंमत.

पहिला कोरियाचा पार्क हून-जुंग. 2010 मध्ये आलेल्या ‘आय सॉ द डेव्हिल’ या अंगावर काटा आणणाऱ्या सिनेमाची पटकथा त्याची. पुढच्याच वर्षी पठ्ठ्या स्वतः दिग्दर्शक झाला आणि 2015 मध्ये ‘द टायगर’ घेऊन आला. जपानी राजवटीतला कोरिया, एक म्हातारा शिकारी आणि डोंगरातला शेवटचा वाघ. वाघ मात्र सगळा कॉम्प्युटरवर बनवलेला!

दुसरे आपले अमित मसुरकर. मुंबईचे. मणिपालला इंजिनिअरिंगला गेले आणि ते अर्धवट सोडून परतले. (घरी काय झालं असेल, हे ज्याच्या घरात इंजिनिअरिंगचा पोरगा आहे त्याने ओळखावं.) मग टीव्हीवरच्या ‘द ग्रेट इंडियन कॉमेडी शो’साठी विनोद लिहिले. भट्ट कंपनीच्या ‘मर्डर 3’च्या लेखनातही त्यांचा हात होता. विनोदापासून मर्डरपर्यंत, पोटासाठी लेखकाला काय काय लिहावं लागतं बाप्पा!

दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा ‘सुलेमानी कीडा’ (2014). विषय? मुंबईत स्क्रिप्ट बगलेत मारून निर्मात्यांची दारं झिजवणारे दोन लेखक. त्यात महेश भट्ट स्वतः महेश भट्ट म्हणूनच दिसतात. आणि त्या दोघांतला एक लेखक रंगवणारा मयंक तिवारी पुढे खरोखरच मसुरकरांचा सहलेखक झाला. सिनेमा होता ‘न्यूटन’. पडद्यावरचा लेखक कागदावर इतका फळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

‘न्यूटन’ची गोष्ट इलेक्शन ड्युटी केलेल्या प्रत्येक मास्तराला घरची वाटेल. छत्तीसगडचं नक्षली जंगल, यादीत फक्त 76 मतदार आणि नियमाला चिकटून बसलेला एक कारकून. शूटिंग दल्ली-राजहरा परिसरातलं. सिनेमा आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. मग 22 सप्टेंबर 2017 ला भारतात लागला आणि त्याच दिवशी ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड म्हणून त्याचं नाव जाहीर झालं! अंतिम नामांकन हुकलं, पण आशिया पॅसिफिक स्क्रीन अवॉर्ड्समध्ये पटकथेचं बक्षीस मिळालं आणि हिंदीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही. त्यातली गावची शिक्षिका मलको म्हणजे नाशिकची अंजली पाटील.

आणि मग वाघीण. ‘शेरनी’ (2021) घडते मध्य प्रदेशात आणि शूटिंगसाठी युनिट थेट बालाघाटच्या रानात उतरलं होतं. टी-12 नावाची वाघीण, तिचे दोन बछडे, वाटेत आडवी आलेली तांब्याची खाण आणि मधल्या मध्ये पिचलेली वनाधिकारी विद्या बालन. बघताना 2018 ची यवतमाळची अवनी वाघीण आठवल्याशिवाय राहत नाही. तिचेही दोनच बछडे होते. सगळ्यात भारी पात्र शरद सक्सेनांचं: वाघ मारल्याच्या बढाया मारणारा पिंटू भैया. असा एक भैया दर पानठेल्यावर सापडतो.

माझं मत विचाराल तर मसुरकरांची खरी करामत जंगलात नाही, फायलीत आहे. ‘न्यूटन’ आणि ‘शेरनी’त त्यांचे नायक सरकारी नोकर आहेत. हाणामारी नाही, डायलॉगबाजी नाही. मतदान यंत्र, शिक्का, मीटिंग आणि वरून आलेला फोन यांतूनच थरार उभा राहतो. पार्कचा वाघ डरकाळी फोडून घाबरवतो. मसुरकरांकडे ते काम साहेब करतात. ही नजर लेखकाचीच.

सुरुवात ‘सुलेमानी कीडा’पासून करा आणि ‘न्यूटन’ पुढच्या इलेक्शन ड्युटीची ऑर्डर हातात पडायच्या आत बघून घ्या.