धूर राखून ठेवणारं गाव

पेला तोंडाशी नेला आणि आधी आला तो चुलीचा वास. आजोळी पहाटे न्हाणीघरातल्या चुलाण्यात लाकडं सारली की परसात पसरायचा, थेट तोच. घोट घेतला तर धूर जिभेवरही होता. मी पेला खाली ठेवला. समोर बसलेला भाचा म्हणाला, "मावशी, पहिल्या घोटावर मत देऊ नकोस. अर्धा पेला होऊ दे."

त्याचं ऐकलं, हे बरं झालं.

आम्ही गाडीनं म्युनिकहून बर्लिनला निघालो होतो. जर्मन महामार्गांवर पोट भरायची सोय चोख असते. पेट्रोलपंपाला लागूनच कॉफी मिळते, पावात घातलेलं सॉसेज मिळतं आणि पंधरा मिनिटांत माणूस पुन्हा गाडीत. एका जेवणासाठी वाट कशाला वाकडी करायची, असं माझं म्हणणं होतं. म्युनिकला नोकरी करणारा भाचा ऐकेना. न्यूरेंबर्गपाशी त्याने ए-73 हा रस्ता धरला आणि साधारण साठ किलोमीटरवर आम्ही बाम्बेर्गला पोचलो. बव्हेरिया राज्यातल्या या भागाला ओबरफ्रांकेन म्हणतात. लोकसंख्येच्या मानाने इथे जितक्या ब्रुअऱ्या आहेत तितक्या जगात दुसरीकडे नाहीत, असं मानलं जातं. खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याने चालवलेल्या ब्रुअऱ्या आहेत, आणि ब्रुअरीलाच लागून जेवणघर असतं.

गाडी गावाबाहेर ठेवून चालत आत शिरलो. जुन्या बाम्बेर्गमध्ये चालणंच सोयीचं. सात टेकड्या आणि मधून वाहणारी रेग्नित्स नदी. नदीच्या ऐन मध्यावर जुनं नगरभवन उभं आहे. बिशपने नगरभवनासाठी जागा द्यायचं नाकारलं, तेव्हा लोकांनी नदीपात्रात लाकडी खांब ठोकून स्वतःच बेट तयार केलं, अशी आख्यायिका सांगतात. सम्राट हाइनरिश दुसरा याने 1007 साली इथे धर्मपीठ स्थापन केलं. त्याची आणि राणी कुनिगुंडेची समाधी टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात गावाची फारशी पडझड झाली नाही, त्यामुळे जुनी वस्ती जवळपास अखंड राहिली आणि 1993 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. हे सगळं पाहायला एक अख्खा दिवस हवा. आमच्याकडे तीन तास होते आणि पोटात भूक होती.

कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी डोमिनिकानरश्ट्रासे नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे लाकडी सांगाड्याचं एक जुनं घर आहे, तेच 'श्लेंकर्ला'. या जागेचा कागदोपत्री पहिला उल्लेख 1405 सालचा. एका जुन्या मालकाची चाल जराशी विचित्र होती, हात झुलवत चालायचा, त्यावरून लोकांनी हे नाव पाडलं, असं सांगतात. आत काळवंडलेल्या तुळया, लांबच लांब लाकडी टेबलं. आपलं असं स्वतंत्र टेबल मिळेल ही अपेक्षा इथे ठेवू नये. कोपऱ्यात दोन जागा रिकाम्या दिसल्या की बसलेल्यांना विचारायचं आणि शेजारी सामावून जायचं. आमच्या टेबलावर एक वृद्ध जोडपं होतं. आजोबांनी आपला पेला न बोलता बाजूला सरकवला, आजीबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. एस.टी.त तिसऱ्या माणसाला जागा करून देतात, तसं.

बिअर लाकडी पिंपातून येते. पिंपाला पितळी तोटी ठोकलेली असते आणि बिअर आपल्याच भाराने खाली पेल्यात उतरते. पंप नाही, वरून वायूचा दाब नाही. अर्ध्या लिटरच्या पेल्याला इथले लोक 'साइडला' म्हणतात. रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा. उजेडासमोर धरला तर लालसर झाक दिसते. वर साईच्या रंगाचा जाड फेस.

आता तो धूर. बिअरचं मूळ धान्य जव, म्हणजे बार्ली. आपण मटकी भिजवून मोड आणतो तसे जव भिजवतात, मोड आणतात आणि मोड हवे तेवढे आले की वाळवून त्यांची वाढ थांबवतात. या वाळवलेल्या मोडाच्या धान्याला माल्ट म्हणतात. पूर्वी ते वाळवायचं म्हणजे ऊन नाहीतर विस्तव. थंड मुलुखात ऊन कुठलं? त्यामुळे लाकडाच्या आगीवरच वाळवत आणि धूर धान्यात मुरायचाच. म्हणजे काही शतकांपूर्वी युरोपातल्या बऱ्याच बिअरला कमीअधिक धुराची चव असणार. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोक या जवळपास बिनधुराच्या कोळशावर माल्ट वाळवू लागले, पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या. धूर वेगळ्या वाटेने बाहेर जाऊ लागला आणि लोकांनी सुटकेचा निश्वास टाकला असेल. फिकट, स्वच्छ चवीची बिअर जगभर पसरली.

बाम्बेर्गमधल्या दोन घरांनी मात्र जुनी भट्टी विझू दिली नाही. एक हे श्लेंकर्ला, दुसरं नदीपलीकडचं 1536 पासूनचं 'श्पेत्सियाल'. दोन्हीकडे अजून स्वतःचं माल्ट स्वतःच वाळवतात. खाली बीच झाडाचं वाळकं लाकूड जळतं, वर जाळीवर ओलसर मोडाचे जव पसरलेले असतात आणि धूर त्यांच्यातून वर चढतो. नाताळात श्लेंकर्लामध्ये एक जास्त कडक बिअर निघते, तिच्यासाठी ओकचं लाकूड जाळतात. त्याचा धूर मवाळ असतो. स्लो फूड या चळवळीनेही बाम्बेर्गची ही धुरकट बिअर लोप पावू शकणाऱ्या खाद्यपदार्थांच्या आपल्या यादीत घेतली आहे.

इथली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. श्लेंकर्लामध्ये एक फिकट बिअरही करतात. तिच्यात धुराचं माल्ट नसतं. तरीही तिला धुराचा हलका वास येतोच, कारण ती त्याच तांब्याच्या भांड्यांत शिजते आणि तिला तेच यीस्ट लागतं. कोकणात मासळीच्या तव्यावर भाकरी भाजली तर ती खाणाऱ्याला कळायचं राहील का?

अर्धा पेला झाला तोवर माझी जीभ धुराला सरावली होती आणि मागची चव पुढे येऊ लागली. भाजलेल्या धान्याचा गोडवा, शेवटी हॉप्सचा कडवटपणा. निखाऱ्यावर वांगं भाजून केलेलं भरीत ज्यांना आवडतं, त्यांना ही बिअर समजेल, असं मी खात्रीने सांगते. ते भरीतही पहिल्या घासाला धुराचंच लागतं.

जेवायला भरलेला कांदा मागवला. भरला कांदा आपल्याला माहीत असतो तो दाण्याच्या आणि खोबऱ्याच्या वाटणाचा. इथे मुठीएवढा कांदा पोखरून त्यात डुकराच्या मांसाचा खिमा भरतात, वर खारवलेल्या मांसाची पट्टी ठेवतात आणि याच धुरकट बिअरचा रस्सा ओततात. सोबत कुस्करलेले बटाटे. सुरी लावली तर कांद्याचे पापुद्रे आपसूक सुटले, इतका तो शिजलेला होता. मांस न खाणाऱ्यांची पंचाईत होते हे खरं; पण चीज, लोणी आणि लाल मिरचीची सौम्य पूड मळून केलेलं 'गेरुप्फ्टर' आणि राय या धान्याचा पाव एवढ्यावर जेवण होऊ शकतं.

कांदा इथला मानाचा आहे. बाम्बेर्गच्या ऐन वस्तीत शेकडो वर्षांचे भाजीमळे अजून आहेत आणि बाम्बेर्गच्या लोकांना शेजारचे 'कांदे तुडवणारे' म्हणतात. जुने माळी बुटांना फळ्या बांधून शेतात चालायचे आणि कांद्याची पात आडवी करायचे, म्हणजे वाढीचा सगळा जोर खालच्या कांद्यात उतरावा. आमच्या निफाड-लासलगावकडचा शेतकरी हे ऐकून लगेच मान डोलावेल. कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की काढणीला घ्यायचा, हा त्याचाही हिशेब आहे.

भाच्याने बिअरला हात लावला नाही. त्याने सफरचंदाच्या रसात सोडा घालून देतात ते पेय घेतलं. जर्मनीत चालकाच्या रक्तात हजारात 0.5 इतकं अल्कोहोल ही साधारण मर्यादा आहे, आणि परवाना नवा असेल तर शून्य. त्याला नियमापेक्षा पुढचे चार तास दिसत होते. मला मात्र वाईट वाटलं. जागा त्याने शोधलेली, आग्रह त्याचा, आणि घोट आमच्या वाट्याला. उठताना आजोबांनी त्याच्या पेल्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. त्याने गाडीचं स्टिअरिंग फिरवल्याचा अभिनय केला. आजोबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

म्हणून जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे. बाम्बेर्ग वाटेवरचा थांबा करू नका, मुक्काम करा. गाडी असेल तर किल्ली हॉटेलात ठेवूनच बाहेर पडा, म्हणजे चालवणाऱ्यालाही टेबलावर सगळ्यांच्या बरोबरीने बसता येईल. गाडी नसेल तर आणखी सोपं. न्यूरेंबर्गहून रेल्वेने तासाभराच्या आत बाम्बेर्ग येतं आणि स्टेशनपासून श्लेंकर्लापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात.