‘लुसो-उष्णकटिबंधवाद’: एका संज्ञेची जडणघडण

पोर्तुगीजभाषक समाजांच्या अभ्यासात ‘लुसो-उष्णकटिबंधवाद’ ही संज्ञा वारंवार भेटते. पोर्तुगीज वसाहतकार वंशमिश्रणास स्वभावतःच अनुकूल होते, हे तिचे गृहीतक. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरे यांनी १९३३ च्या ग्रंथात ब्राझीलपुरता मांडलेला हा विचार १९५१ मध्ये, पोर्तुगीज शासनाच्या निमंत्रणावरून केलेल्या प्रवासात, गोव्यातील व्याख्यानात सर्व पोर्तुगीज उष्णप्रदेशांना लावला. त्याच वर्षी पोर्तुगालने वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे घटनात्मक नाव दिले होते. सालाझार राजवटीला आयताच सैद्धान्तिक आधार लाभला. १९६३ मध्ये इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी वसाहतींतील वंशभेदाचे पुरावे देऊन हे गृहीतक खोडून काढले. सारांश, संज्ञेच्या अर्थाबरोबरच ती कोणाच्या उपयोगी पडली, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.