नवपरिचारिकेचा पहिला पगार आणि महानगरातील निवारा

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील तालुका. पूर्वेस छत्तीसगड, उत्तरेस मध्य प्रदेश आणि मधून धावणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. दरेकसा परिसरातील वने, हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेले कचारगड यांमुळे या भागाचे नाव दूरवर पोचले असले, तरी येथील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका धानाच्या शेतीवरच चालते. अशा कुटुंबातील मुलगी बारावीनंतर परिचर्येच्या शिक्षणाकडे वळते, तेव्हा त्यामागे सेवाभावाबरोबरच एक साधा व्यवहार असतो. शिक्षण संपताच हाती निश्चित वेतनाचे काम यावे, ही घरच्यांची अपेक्षा असते. सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसविकाशास्त्राची पदविका तीन वर्षांची आणि पदवी चार वर्षांची. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की नोकरीचा शोध सुरू होतो. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, नागपूर येथे २०१८ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आली. तरीही जागांची संख्या पाहता अनेकींना पुणे-मुंबईची वाट धरावी लागते. गोंदियाहून मुंबईस जाणारी विदर्भ एक्स्प्रेस ही त्या वाटेवरील नेहमीची गाडी.

महानगरात पगार अधिक मिळतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती कितपत खरी, हे पगार कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असते. राज्य शासनाच्या नियमित सेवेत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, आणि ते मुंबईत जेवढे तेवढेच गोंदियात. फरक पडतो तो घरभाडे भत्त्याने. २०१९ मध्ये राज्याने लागू केलेल्या दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या एक्स वर्गाच्या शहरांत हा भत्ता मूळ वेतनाच्या २४ टक्के, नागपूरसारख्या वाय वर्गाच्या शहरांत १६ टक्के व उर्वरित भागांत ८ टक्के ठरला. महागाई भत्ता वाढेल तसे हे दर टप्प्याटप्प्याने ३०, २० व १० टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद होती. मूळ दराने हिशेब केला, तर मुंबईत ८,४९६ रुपये आणि सालेकसा येथे २,८३२ रुपये भत्ता होतो. म्हणजे महानगरात राहण्याचा मोबदला म्हणून दरमहा ५,६६४ रुपये अधिक मिळतात. वरच्या दराने हा फरक ७,०८० रुपयांवर जातो. एवढ्या रकमेत मुंबईच्या उपनगरातील भाडे आणि सालेकसा येथील भाडे यांतील तफावत भरून निघत नाही, हे त्या शहरात राहिलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही.

खासगी रुग्णालयांची स्थिती निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय वेतनाइतके वेतन, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये, असे त्यांचे स्वरूप होते. या शिफारशींना कायद्याचे बळ देणे राज्यांच्या हाती ठेवण्यात आले. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतरत्र मात्र वेतन रुग्णालयाच्या इच्छेवर आणि उमेदवाराच्या गरजेवर ठरते, आणि नवशिक्या मुलीची गरज नेहमीच मोठी असते.

हेच २०,००० रुपये हिशेबाला घेऊ. राज्य कामगार विम्याची वर्गणी, जी २०१९ पासून २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर कर्मचाऱ्याकडून पाऊण टक्का घेतली जाते, १५० रुपये होते. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये. एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसायकर नाही, ही एक सवलत. हाती येतात १८,०५० रुपये. कपातीच्या रकमा वाया जात नाहीत. आजारपणात व पुढील आयुष्यात त्या उपयोगी पडतात. ज्या रुग्णालयात कपातच होत नाही तेथे हाती अधिक पडते म्हणून समाधान मानणे धोक्याचे. शाळेतील शिक्षकांनी हा मुद्दा मुलींना आवर्जून समजावून द्यावा.

खरी अडचण मासिक खर्चाच्या आधीच उभी राहते. समजा, तिघी मैत्रिणींनी मिळून दरमहा २४,००० रुपये भाड्याची जागा घेतली. मालकाने तीन महिन्यांची अनामत मागितली आणि दलालाने एका महिन्याचे भाडे घेतले, तर प्रत्येकीस पहिल्याच दिवशी भाड्याचे ८,०००, अनामतीचे २४,००० व दलालीचे ८,००० असे ४०,००० रुपये मोजावे लागतील. अठरा हजार मिळवणाऱ्या मुलीचे हे दोन महिन्यांहून अधिक वेतन, आणि तेही एक रुपया हाती येण्यापूर्वी. नियमित शासकीय नियुक्ती असली तरी सेवार्थ प्रणालीत नोंद, निवृत्तिवेतन खाते, कागदपत्रांची पडताळणी या सोपस्कारांत पहिले वेतन लांबू शकते. नियुक्ती आषाढात आली तर घरी रोवणी चालू असते. घरातील रोकड बियाण्यात, खतात आणि मजुरीत गुंतलेली असते. धान विकून पैसा येणार तो दिवाळीच्या पुढे. शैक्षणिक कर्ज असेल, तर त्याची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, एवढाच काय तो दिलासा. आस्थापना शाखेतील लिपिकाने रुजू झाल्याच्या आठवड्यातच प्रकरण पुढे नेले, तर एका कुटुंबास सावकाराचे दार टाळता येते.

जागा घेताना करार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. अनामत परत मिळविण्याच्या वेळी हाच कागद कामास येतो.

स्वस्त जागेसाठी दूर राहावे, हा सल्ला कार्यालयीन वेळेत काम करणाऱ्यास चालतो. परिचारिकेचे काम सकाळ, दुपार व रात्र अशा पाळ्यांत असते. मुंबईत उपनगरी रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहे खरा. पण मध्यरात्रीनंतर काही तास गाड्या बंद असतात, आणि दुपारची पाळी लांबली की बदलापूर वा विरारला एकटीने पोचणे सोपे राहत नाही. रिक्षाच्या भाड्यात पासची बचत संपते. म्हणून रुग्णालयाच्या आवारातील वा जवळचे वसतिगृह ही परिचारिकेच्या बाबतीत तिच्या कामाचीच गरज ठरते. जुन्या रुग्णालयांनी परिचारिकांची निवासस्थाने आवारातच बांधली, ती याच कारणाने.

नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३ पासून चालू आहे. २०२२ नंतर ती 'सखी निवास' या नावाने ओळखली जाते. तीत एका खाटेच्या खोलीचे भाडे उत्पन्नाच्या १५ टक्के, दोन खाटांच्या खोलीचे १० टक्के व सामूहिक कक्षाचे साडेसात टक्के यांहून अधिक घेता येत नाही. २०,००० रुपये मिळविणाऱ्या मुलीस दोघींच्या खोलीत २,००० रुपयांत राहता येईल. जेवणाचा खर्च वेगळा, आणि स्वयंपाकाची सोय नसल्याने घरचा तांदूळ गावाहून नेला तरी त्याचा उपयोग होत नाही, ही त्यातली उणीव. योजनेची उत्पन्नमर्यादा महानगरांत ५०,००० रुपये आहे. महागाई भत्ता ५० टक्के धरला की नियमित अधिपरिचारिकेचे वेतन ५३,१०० रुपयांवर जाते आणि तिचा प्रवेशाचा हक्क सुटतो. ही वसतिगृहे प्रामुख्याने खासगी व कंत्राटी सेवेतील मुलींच्या उपयोगाची आहेत, आणि त्यांनाच त्यांची माहिती सर्वांत कमी असते. अर्ज नोकरी मिळाल्यावर करण्याऐवजी मुलाखतीस जातानाच चौकशी करून ठेवावी.

या साऱ्या हिशेबाची दुसरी बाजू सालेकसा तालुक्यातच आहे. डोंगराळ व आदिवासी क्षेत्रात २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र हे प्रमाण ठरलेले आहे, आणि प्रत्येक उपकेंद्रास आरोग्य सेविका लागते. जिल्हा परिषदेतील या पदाचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून आहे. नक्षलग्रस्त क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने मूळ वेतनाच्या १५ टक्के, परंतु कमाल १,५०० रुपये, असा प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याची व्यवस्था केली. घर गावात, भात घरचा, भाडे नाही किंवा नाममात्र. अशा स्थितीत कागदावर मुंबईपेक्षा लहान दिसणारे वेतन महिनाअखेर अधिक शिल्लक ठेवते. मुंबईस जाणाऱ्या मुलीने मोठ्या रुग्णालयाचा अनुभव मिळवावा, तो मोलाचा असतोच. मात्र पैसा साठेल या आशेनेच ती जात असेल तर हा हिशेब आधी मांडून पाहावा.

येथेही निवाऱ्याचा प्रश्न सुटतोच असे नाही. उपकेंद्राच्या निवासस्थानाचे छप्पर पहिल्याच पावसात गळू लागले, पाण्याची सोय नसली किंवा रात्री दिवा नसला, तर मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर राहतो. सेविका आमगाव किंवा गोंदियास खोली घेते आणि रेल्वेने ये-जा करते. भाडे देऊन भत्ता उरत नाही, आणि पहाटे बाळंतपणाची वेळ आलेल्या बाईला उपकेंद्राचे दार बंद सापडते. निवासस्थानाच्या दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत मांडणे आणि तो पंचायत समितीपर्यंत पोचविणे हे काम पावसाळ्यापूर्वी, म्हणजे चैत्र-वैशाखातच व्हावे लागते.