सांगावे, द्यावे आणि हलके व्हावे

आपल्याकडील जुन्या पत्रांची सुरुवात ठरलेली असे : इकडील सर्व क्षेम, आपली खुशाली कळवावी. वडिलांना दम्याचा त्रास होत असो, की पिकाचे नुकसान झालेले असो, पहिल्या ओळीत ‘सर्व क्षेम’च असे. खरी बातमी असलीच, तर ती शेवटी ‘ता. क.’ म्हणून कोपऱ्यात दाटीवाटीने लिहिलेली सापडे. पोस्टकार्डे मागे पडली, घरोघरी मोबाइल आले, पण ही रीत मात्र टिकून आहे. परगावी असलेला मुलगा विचारतो, “कसे आहात बाबा?” उत्तर येते, “उत्तम. तुम्ही आपली काळजी घ्या.” चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरल्याचे बाबा बोलत नाहीत. नोकरीवर गंडांतर आल्याचे मुलगा बोलत नाही. दोघेही परस्परांवरील मायेपोटीच गप्प असतात आणि दोघेही त्या गप्प राहण्याचे ओझे एकट्याने वाहतात.

आपल्या हातातील वस्तू आणि मनातील वार्ता आप्तेष्टांना वाटून देणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. तिचा आरोग्याशी थेट संबंध आहे. २०१० साली अमेरिकेतील ज्युलियान होल्ट-लन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित विचार केला. ज्यांचे सामाजिक नातेसंबंध दृढ होते, त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. नाते दृढ होते ते बोलण्या-सांगण्याने आणि देण्या-घेण्याने. सुदैवाने या दोन्ही गोष्टी कोणत्याही वयात शिकता येतात.

न सांगितलेल्या दुखण्याची किंमत

वृद्धांच्या मौनामागे बहुधा तीन कारणे असतात. पहिले, ‘मुलांना कशाला त्रास?’ हा विचार. दुसरे, संकोच. लघवीवर ताबा न राहणे, विसराळूपणा वाढणे, कमी ऐकू येणे यांविषयी बोलताना मान खाली जाते. तिसरे कारण मात्र सर्वांत बलवान असते, आणि ते म्हणजे स्वातंत्र्य गमावण्याची भीती. पडल्याचे सांगितले की फिरणे बंद होईल, विसरल्याचे सांगितले की बँकेचे व्यवहार काढून घेतले जातील, असे वाटून माणूस ओठ मिटून घेतो.

ही भीती समजण्यासारखी असली, तरी काही गोष्टी अशा आहेत की त्या त्याच दिवशी, शक्य तर त्याच घटकेला घरच्यांच्या कानावर घातल्याच पाहिजेत.

तोंड वाकडे होणे, एका हातातील किंवा पायातील शक्ती जाणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे पाच-दहा मिनिटांत नाहीशी झाली, तरी ती किरकोळ समजू नयेत. तो पक्षाघाताचा पूर्वइशारा असू शकतो आणि पुढील दोन दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका विशेष असतो. झटका आलाच, तर रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ‘जरा पडून राहतो, मग सांगतो’ यात तेच मोलाचे तास निघून जातात.

डोक्याला मार लागणे ही दुसरी गोष्ट. उतारवयात मेंदूभोवती होणारा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही प्रकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. पडल्याची घटना घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर पुढे आलेल्या गुंगीचा किंवा चालीतील बदलाचा अर्थ डॉक्टरांना लावणे कठीण होते. अंथरुणातून उठताना चक्कर येणे, मधुमेह्यांना दरदरून घाम फुटून हातपाय थरथरणे, वेदनाशामक गोळ्या घेत असताना डांबरासारखे काळे शौचास होणे, काही प्रयत्न न करता वजन उतरत जाणे या गोष्टीही याच वर्गातील. यांतील कित्येकांचा उपाय औषधाची मात्रा बदलण्याइतका साधा असतो, पण तो करण्यासाठी डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोहोचावी लागते.

सांगावे कसे आणि ऐकावे कसे

सांगण्याची सवय नसलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत, म्हणून एक सोपी चौकट उपयोगी पडते. काय झाले, केव्हा झाले, आता कसे आहे आणि तुझ्याकडून मला काय हवे, एवढे चारच भाग. उदाहरणार्थ : “मंगळवारी सकाळी मोरीत पाय घसरला. कंबर दुखते आहे, पण चालता येते. तू धावत येऊ नकोस, मात्र शनिवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल.” यातील चौथा भाग फार महत्त्वाचा. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे न कळल्यामुळेच ऐकणारा घाबरतो आणि सूचनांचा भडिमार करतो. शेवटी काय हवे ते स्वतःच सांगितले, तर निर्णयाची सूत्रे आपल्याच हाती राहतात.

सर्व काही सर्वांना सांगण्याची आवश्यकता नाही. एक मुलगा किंवा सून, एक शेजारी आणि एक जिवाभावाचा स्नेही अशी तीन माणसे मनाशी नेमून ठेवावीत. मुलाजवळ जे बोलवत नाही, ते पुष्कळदा सकाळच्या फेरीतील सोबत्याजवळ सहज बोलता येते.

परंतु सांगणे शिकायचे, तर घरच्यांना ऐकणेही शिकावे लागेल. वडिलांनी पडल्याचे सांगताच “तरी मी सांगत होतो, काठी घ्या म्हणून” असे उद्गार निघाले, तर पुढच्या वेळी ते काही सांगणार नाहीत. पहिले वाक्य नेहमी एकच असावे : “बरे झाले बाबा, सांगितलेत.” त्यानंतर “कुठे दुखते आहे?” आणि त्यानंतर “आपण काय करू या?” मोरीत आधाराची दांडी बसविणे, घसरडी पायपुसणी काढून टाकणे, रात्रीचा दिवा लावणे हे उपाय आधी योजावेत. फिरणे बंद करणे हा उपाय नव्हे. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

वाईट बातमी वृद्धांपासून लपवावी का?

लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालते. मावशी गेल्याचे आजीला कळू द्यायचे नाही, भावाच्या कर्करोगाची वार्ता आजोबांच्या कानी पडू द्यायची नाही, असे कित्येक घरांत ठरते. ‘त्यांना सोसणार नाही’ हे त्याचे समर्थन. पण घरातील कुजबुज, फोन आला की बाहेर जाणारी माणसे, उतरलेले चेहरे हे सारे वृद्ध टिपत असतात. काहीतरी घडले आहे आणि आपल्याला वगळले आहे, ही जाणीव त्यांना बातमीहूनही अधिक जाचते. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी कोणी नातलग नकळत बोलून जातो, तेव्हा दुःखाच्या जोडीला फसवले गेल्याची वेदना येते. अंत्यदर्शन नाही, दहाव्या-तेराव्याला उपस्थिती नाही, चार माणसांत रडणे नाही. शोकाला वाट करून देणारे सर्व विधी तोवर आटोपलेले असतात.

म्हणून सामान्य नियम असा की बातमी सांगावी, मात्र रीतीने सांगावी. ती प्रत्यक्ष, शक्यतो दिवसा आणि त्यांच्या जवळच्या माणसाने सांगावी. आधी त्यांना बसते करावे, कानाचे यंत्र लावले आहे ना ते पाहावे, दूरचित्रवाणी बंद करावी. “आई, एक वाईट बातमी आहे” असे एक वाक्य बोलून क्षणभर थांबावे आणि मग स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘बरे नाही’, ‘सिरिअस आहे’ असे पायरी-पायरीने खोटे बोलत जाऊ नये. त्यानंतर आपण गप्प राहावे. हात हातात घ्यावा आणि विचारतील तेवढ्याच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. त्या दिवशीची औषधे आणि दोन घास चुकू नयेत आणि रात्री कोणीतरी सोबतीला असावे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा याला अपवाद करावा लागतो. पतीच्या निधनाची वार्ता ज्या आजी विसरून जातात, त्यांना ती दर वेळी नव्याने ऐकविणे म्हणजे दर वेळी नवे वैधव्य देणे होय. “हे कुठे गेले?” असे त्यांनी विचारले, तर “आठवण येते का गं त्यांची? सांग ना, काय करायचे ते?” असे म्हणून बोलणे आठवणींकडे वळवावे. येथे माहितीपेक्षा भावनेला उत्तर देणे अधिक दयेचे असते.

आनंदही वाटावा लागतो

दुःख सांगण्याबाबत आपण संकोची, तर सुखाबाबत दृष्ट लागण्याच्या भीतीने गप्प. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की चांगली घटना दुसऱ्याला सांगितल्याने त्या घटनेच्या आनंदाखेरीज वेगळा, अधिकचा आनंद मिळतो. ऐकणाऱ्याने मनापासून रस घेतला, तर नातेही अधिक समाधानाचे होते. साखर आटोक्यात आली, कुंडीतील जास्वंदीला कळी धरली, नातवाने पहिल्यांदा ‘आबा’ म्हटले, या सर्व सांगण्याजोग्या बातम्याच आहेत. आणि ऐकणाऱ्याने “हो का? छान” एवढ्यावर विषय न संपवता “कोणत्या रंगाचे फूल? फोटो पाठवा ना” असे विचारावे. रोज तेच तेच सुविचार पुढे ढकलण्याऐवजी स्वतःच्या दिवसातील एक ओळ पाठविली, तर ती वाचली जाते आणि तिला उत्तरही येते.

वस्तू हयातीत द्याव्यात

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण ‘लुटण्याची’ रीत आहे. देण्याला लुटणे म्हणणारा हा शब्द किती अर्थपूर्ण! उतारवयात माळ्यावरील तांब्या-पितळेची भांडी, कपाटातील पैठण्या, पुस्तके, सतार, शिवणयंत्र यांचे काय करावे हा प्रश्न घरोघरी असतो. त्या आपल्या हाताने, आपल्या तोंडाने त्यांची कथा सांगून द्याव्यात. “ही परात माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवाळीला दिली” हे वाक्य परातीबरोबर गेले नाही, तर परात मोडीत जाते. घेणाऱ्याला विचारून द्यावे. लहान सदनिकेत जागा नसते, म्हणून नकार आला तरी तो मनास लावून घेऊ नये. पुस्तके ग्रंथालयाला, सुस्थितीतील चाकांची खुर्ची किंवा वॉकर रुग्णसाहित्य पुरविणाऱ्या संस्थेला उपयोगी पडतात. काळजीवाहूंनीही वृद्धांच्या संमतीवाचून त्यांच्या वस्तू हलवू नयेत. आपल्याला अडगळ वाटते ते त्यांचे आयुष्य असते.

मात्र राहते घर आणि उपजीविकेची पुंजी यांच्या बाबतीत भावनेच्या भरात दान करू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागून परत मिळविता येते. म्हणून ती अट दानपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी आणि आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. इच्छापत्र साध्या कागदावरही करता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात, नोंदणी सक्तीची नसते. इच्छापत्र, विमा, बँकेची खाती आणि रोजची औषधे यांची यादी कोठे ठेवली आहे, हे निदान एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक हवे.

कोणाला सांगू नका म्हणणाऱ्यापासून सावध

हल्ली ज्येष्ठांची फसवणूक करणारे भामटे मौनाचाच आधार घेतात. पोलीस किंवा केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी असल्याची बतावणी करून ते ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगतात आणि घरच्यांशी एक अक्षर बोलू नका, असे बजावतात. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द ऐकताच फोन ठेवावा आणि सर्वप्रथम घरच्यांनाच सांगावे. पैसे गेलेच, तर लाज बाळगून दिवस दवडू नयेत. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता असते.

ज्यांना जवळचे असे कोणीच नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आणि मानसिक आधारासाठी १४४१६ ही ‘टेली-मानस’ सेवा उपलब्ध आहे. गावातील ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, भजनी मंडळ येथेही ऐकणारे कान मिळतात.

या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे. आजवर न सांगितलेली तब्येतीची एक गोष्ट एका माणसाला सांगावी, एक आनंदाची बातमी कळवावी आणि एक आवडती वस्तू तिच्या कहाणीसह योग्य हाती सोपवावी. घरातील धाकट्यांनीही आईवडिलांना आपली एक खरी अडचण सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. सल्ला विचारला जाणे हेही वार्धक्यातील एक औषधच आहे.