अकरा खुणांचा करार

उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदराच्या गेटवर ट्रेलर थांबतो, तेव्हा त्याच्यावरचा एक मजकूर जगातल्या कुठल्याही बंदरात तसाच वाचला जातो. कंटेनरच्या दारावर चार अक्षरे आणि सात अंक, मिळून ११ खुणा. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे बहुधा ‘यू’, मग सहा आकडी क्रमांक आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला अंक. तो कुणी मनाने लिहिलेला नसतो. आधीच्या दहा खुणांना ठरलेल्या किमती देऊन त्यांना क्रमाने १, २, ४, ८ असे दुपटीने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे. बाकी उरते तोच हा अंक; बाकी दहा आली तर शून्य. पहाटे तीन वाजता दमलेल्या कारकुनाने दोन अंक मागेपुढे टिपले, तर ही बाकी जुळत नाही आणि चूक बहुतेक वेळा जागच्या जागी सापडते. २०१६ साली याच बंदरात कंटेनरना रेडिओ-टॅग लावून त्यांचा माग ठेवणे सुरू झाले. टॅग नवा होता, पण तो बांधला गेला याच ११ खुणांशी.

या खुणांवर एकमत आधी झाले, यंत्रे नंतर आली. तरीही धंद्यातल्या निरनिराळ्या संगणक प्रणाली जोडायच्या म्हणजे चांगले सॉफ्टवेअर आणायचे आणि मध्ये तार टाकायची, अशी समजूत सर्रास आढळते. मला ती घातक वाटते. तार शेवटी येते. आधी ठरवावे लागते की कुठल्या गोष्टीला काय म्हणायचे, कुठली नोंद मूळ मानायची आणि ती चुकली तर दुरुस्त कोण करणार. हे न ठरवता जोडणी झाली की काय होते, ते १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर निर्यातदारांनी भोगले. निर्यातीवर भरलेला आयजीएसटी परत मिळायचा, तर जीएसटीच्या विवरणातला इन्व्हॉइस आणि कस्टमच्या शिपिंग बिलातला इन्व्हॉइस जुळायला हवा होता. कितीतरी कारखान्यांत मात्र जीएसटीसाठी एक इन्व्हॉइस निघे आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी दुसरा, वेगळ्या नंबराचा. माल खरा, कर भरलेला, जहाज केव्हाच निघून गेलेले. फक्त नंबर वेगळा म्हणून परतावा अडकला. त्या चुकीला ‘एसबी००५’ असा कोड होता आणि निर्यातीच्या धंद्यात तो पुढे तोंडपाठ झाला. अखेर अधिकाऱ्यांना हाताने नोंदी जुळवायची मुभा द्यावी लागली आणि मार्च २०१८ मध्ये कस्टमने परताव्यांसाठी खास पंधरवडा पाळला. तळोज्याच्या किंवा रोह्याच्या लहान कारखान्याचे खेळते भांडवल असे महिनोन्महिने अडकते, तेव्हा ती गोष्ट तांत्रिक अडचण म्हणून सोडून देता येत नाही. पगार त्यातूनच व्हायचे असतात.

यावर कुणी म्हणेल, इतके नियोजन मोठ्यांना परवडते. पनवेलच्या चार ट्रेलरवाल्याने काय करावे? पण नियोजनाचा महागडा भाग त्याच्या वाट्याला येतच नाही. एका मालाला एकच नाव, वजन सगळीकडे किलोत, गाडीचा नंबर एकाच पद्धतीने, एवढे वहीत ठरवायला पैसे लागत नाहीत. उलट न ठरवण्याची किंमत त्यालाच जास्त पडते, कारण उशीर पोटात घालायला त्याच्याकडे काहीच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळे एकात एक गुंतवले, तर सगळे एकदम बंद पडेल. २७ जून २०१७ ला नेमके तेच झाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला ‘नॉटपेट्या’ हा संगणक-विषाणू मार्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्या समूहाचे न्हावा-शेव्याचे जीटीआय टर्मिनलही त्यात सापडले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. जाळ्यात कुणाला प्रवेश द्यायचा याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत शाबूत राहिली, घानामधली, कारण तिथली वीज गेली होती. वीज गेली म्हणून वाचणे, याला नियोजन म्हणत नाहीत. मला या घटनेतून जोडणीविरुद्ध पुरावा दिसत नाही, अर्ध्यावर सोडलेल्या आराखड्याचा दिसतो. कुठला सांधा कधी सोडायचा आणि सोडल्यावर कागदावर काम कसे चालवायचे, हेही आराखड्यातच लिहिलेले हवे. कंटेनरच्या ११ खुणा तर खडूनेही लिहिता येतात.

या सगळ्या चर्चेत ड्रायव्हरचे नाव क्वचितच निघते, आणि थांबतो तो तोच. डिझेलच्या धुराला खाडीच्या चिखलाचा वास मिसळलेला असतो. खिडकीतून बाहेर काढलेल्या हातात प्लास्टिकच्या फाइलमधले कागद असतात. कंटेनरचा नंबर जुळतो, सील जुळते. गाडीचा नंबर मात्र एकीकडे ‘एमएच ०६’ असा पडलेला असतो, दुसरीकडे ‘एमएच ६’. त्या एका शून्यासाठी त्याला गाडी बाजूला घ्यावी लागते, ऑफिसला फोन लावावा लागतो, आणि त्याचा हिशेब तर फेऱ्यांवर असतो.