अडुसष्ट बाय पंचाहत्तर

आमच्या चाळीच्या मागच्या आवारात रविवारी मिस्त्री आले की वडील खालून हाक मारायचे. माझं काम ठरलेलं होतं, टॅक्सी ढकलायची. पद्मिनीचं बॉनेट उघडं असायचं, इंजिनावरचं पत्र्याचं झाकण काढून वर्तमानपत्रावर उताणं ठेवलेलं आणि गाडी टॉप गिअरमध्ये. "थोडी पुढं घे रे पोरा... अजून... बस." गाडी वीतभर सरकली की आठ रॉकरपैकी दोन-तीन हलायचे. एक नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले की मिस्त्री चार नंबरच्या टॅपेटना हात घालत. दोनचे हलले की तीनच्या. फिलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीत घालून ती जराशी अडत पण सरकत बाहेर आली, की स्क्रू पान्यानं धरून नट आवळायचा. "आवाज थोडा राहू दे," ते वडिलांना म्हणत, "टाइट लावला तर व्हॉल्व्ह जळेल." त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा तो आकडा ऐकला. इंजिन रिबोअरला, म्हणजे झिजलेले सिलिंडर घासून जरा मोठे करायला, काढायचं होतं आणि वडील खर्च विचारत होते. "बोअर अडुसष्टचा आहे भाऊ, स्ट्रोक पंचाहत्तर. ओव्हरसाइझ पिस्टन कुठंही मिळेल."

म्हणजे सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची खाली-वर धाव 75. असे चार सिलिंडर घेतले की 1089 सीसी होतात. हे माप ठरलं इटलीतल्या तोरिनो शहरात, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या ट्युरिनमध्ये, आणि ते रस्त्यावर आलं 1937 साली. युरोपातल्या जुन्या मोटारींबद्दल बोलताना लोक बारा सिलिंडरच्या राजेशाही गाड्यांकडे वळतात. मला मात्र विसाव्या शतकाच्या मधल्या युरोपची गोष्ट या चार सिलिंडरच्या संसारी इंजिनात जास्त खरी सापडते.

हे इंजिन आणि त्याची गाडी दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हातची. 1905 साली रोममध्ये जन्मलेला हा माणूस तोरिनोच्या तंत्रविद्यापीठात शिकला आणि सगळं आयुष्य फियाट कंपनीत राहिला. तिशी ओलांडता ओलांडताच त्यानं 569 सीसीची चिमुकली 'तोपोलिनो' रस्त्यावर आणली होती. पाठोपाठ त्याच्याकडे 'बलिल्ला' सुधारण्याचं काम आलं. 1932 ची बलिल्ला ही इटलीतल्या मध्यमवर्गाची गाडी, 995 सीसीची. तिचा बोअर 65 आणि स्ट्रोक 75. नव्या इंजिनात स्ट्रोक तोच राहिला, बोअर तेवढा 3 मिलिमीटरनं वाढला.

कागदावर फरक एवढाच दिसतो, पण खरं काम वरच्या बाजूला झालं होतं. जुन्या बलिल्लात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले असत. असं इंजिन स्वस्त पडतं, पण त्यात हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाला वळसा घेऊन आत यावं लागतं आणि ज्वलनाची जागा पसरट, वेडीवाकडी होते. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच राहिला, साखळीवर फिरणारा. त्याच्यावरून उभ्या पुशरॉड वर जातात, त्या रॉकर उचलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतात. ब्लॉक बिडाचा ठेवला, कारण बीड स्वस्त आणि झिजेला टिकणारं. हेड ॲल्युमिनियमचं केलं, कारण ॲल्युमिनियम उष्णता चटकन पुढं देतं, आणि हेड थंड राहिलं की कॉम्प्रेशन थोडं वाढवता येतं. ताकद भरली 32 अश्वशक्ती. नाव पडलं 'नुओवा बलिल्ला 1100', पण लोक म्हणत 'मिल्लेचेंतो', म्हणजे नुसतं 'अकराशे'.

या रचनेचा मोठा गुण म्हणजे ती उघडी होती. झाकण काढलं की सगळं डोळ्यांसमोर. हाताशी दोन पाने आणि एक गेज असलेल्या माणसाला ती समजून घेता येई आणि हवी तशी बदलता येई. म्हणूनच पुढं जे घडलं ते घडू शकलं.

1939 मध्ये एन्झो फेरारी आल्फा रोमिओतून बाहेर पडले. करार असा की चार वर्षं स्वतःच्या नावानं शर्यतीची गाडी उतरवायची नाही. तरी 1940 च्या एप्रिलमध्ये ब्रेशाला झालेल्या शर्यतीत त्यांनी बनवलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या. त्यांवर फेरारी हे नाव नव्हतं, फक्त '815' होतं, आठ सिलिंडर आणि दीड लिटर. आणि हे आठ सिलिंडर आले कुठून? ब्लॉक नवा ओतून घेतला होता, पण वर बसवलेली हेडं फियाट 1100 ची, एकापुढे एक दोन. एका गाडीत लोतारिओ रांगोनी होते, दुसरीत तरुण आल्बेर्तो आस्कारी, जो पुढं फेरारीच्याच गाडीत दोनदा जगज्जेता झाला. त्या दिवशी दोन्ही गाड्या वाटेत बंद पडल्या. पण फेरारीची पहिली गाडी धावली ती घरगुती फियाटच्या हेडांवर, ही गोष्ट मला त्यांच्या नंतरच्या कितीतरी विजयांपेक्षा मोलाची वाटते.

युद्ध संपताना तोरिनोत पिएरो दूझिओ नावाचा उद्योजक शर्यतीच्या गाडीचं स्वप्न घेऊन बसला होता. तो एकेकाळी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला आणि पुढं त्याच क्लबचा अध्यक्ष झालेला. त्यानं जाकोझाला गाठलं. दिवसा फियाट आणि रात्री दूझिओच्या बंगल्यातला ड्रॉइंग बोर्ड, असं करत जाकोझानं 'चिसितालिया डी 46' आखली. सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा, इंजिन अर्थातच 1100. सगळा देश मोडून पडलेला असताना, जे भाग बाजारात मिळत होते त्यांतूनच शर्यतीची गाडी उभी राहिली.

1947 ची मिल्ले मिलिया शर्यत तर वाचताना आजही अंगावर काटा येतो. ब्रेशाहून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशाला यायचं, हजार मैलांहून अधिक अंतर, तेही युद्धात उखडलेल्या रस्त्यांवरून. चिसितालिया 202 च्या उघड्या गाडीत ताझियो नुव्होलारी बसला होता. वय चोपन्न, छाती आजारानं पोखरलेली. गाडी अकराशे सीसीची, आणि तरीही तो सगळ्यांच्या पुढं गेला. मग पाऊस कोसळला. पाणी इग्निशनमध्ये शिरलं, वेळ गेला आणि बियोंदेत्ती या चालकाची आल्फा रोमिओ पुढं निघाली. त्या आल्फाचं इंजिन 2900 सीसीचं, नुव्होलारीच्या इंजिनाच्या अडीचपटीहून मोठं. नुव्होलारी दुसरा आला. मला तरी या इंजिनाचं याहून मोठं प्रशस्तिपत्रक माहीत नाही.

त्याच 202 ची बंद गाडी पिनिन फारिना या बॉडी घडवणाऱ्या कारागिरानं घडवली. बॉनेट, मडगार्ड आणि दिवे वेगवेगळे जोडलेले न दिसता एकाच पत्र्यातून वाहत आल्यासारखे दिसतात. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं आठ मोटारी कलावस्तू म्हणून मांडल्या, त्यांत ती होती. फ्रान्समध्ये हीच फियाट 'सिम्का 8' या नावानं बनत होती आणि तिथं आमेदे गोर्दिनी याच इंजिनाला धार लावून शर्यती खेळत होता.

1953 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटनं नवी 1100 आणली, अंतर्गत क्रमांक 103. वेगळी चेसिस गेली, सगळी बॉडी एकसंध झाली. पुढचे दरवाजे मात्र उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. इंजिन तेच 1089 सीसीचं, आता 36 अश्वशक्तीचं. हीच गाडी मुंबईला आली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि तिच्या गोल पाठीवरून आपल्या लोकांनी तिला लाडानं 'डुक्कर फियाट' म्हटलं. पुढच्या 1100 डी मॉडेलला इटलीत 1221 सीसीचं मोठं इंजिन मिळालं. आपल्याकडे त्याच बॉडीत 1089 सीसीचंच राहिलं. इटलीतली 1100 एकोणीसशे एकोणसत्तरला थांबली आणि तिची जागा जाकोझाच्याच 128 ने घेतली. इकडे मात्र 1100 डी चीच पुढं प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. विसावं शतक सरेपर्यंत कुर्ल्यात अडुसष्टचा बोअर पडत राहिला. जाकोझा 1996 मध्ये तोरिनोत वारला, तेव्हा मुंबईच्या प्रत्येक सिग्नलवर त्याचं साठ वर्षांपूर्वीचं काम उभं होतं.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मर्यादा धरून तीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. वडिलांची टॅक्सी त्याच्या बरीच आधी गेली होती. भंगाराच्या दुकानात आम्ही दोघंही गेलो होतो. तिथल्या पोरानं झाकण काढलं, रॉकरचा दांडा उचलून बाजूला ठेवला आणि हेडचे नट एकेक करून सोडले. हातोडीचा हलका ठोका दिला तसं हेड सुटलं. पांढुरक्या ॲल्युमिनियमचं हेड एका काट्यावर गेलं, काळ्या बिडाचा ब्लॉक दुसऱ्यावर, कारण दोन्हींचे भाव वेगळे होते. वडील वाकून ब्लॉकच्या चार भोकांकडे बघत राहिले. मग त्यांनी एक नंबरच्या सिलिंडरमध्ये बोट घालून आतून गोल फिरवलं आणि म्हणाले, "अजून एक रिबोअर निघाला असता."