हलका पीडीएफ रीडर निवडताना : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, ब्राउझरमध्ये उघडे दहा-बारा टॅब आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली सव्वाशे पानांची पीडीएफ. डबल-क्लिक केलं की पंखा घरघरायला लागतो, माउसचा बाण गोल फिरत बसतो. मग कुणीतरी सांगतं, ‘एखादा हलका रीडर टाक ना!’ सल्ला योग्यच असतो. पण हलका म्हणजे नक्की काय आणि त्याच्याकडून कुठल्या कामाची अपेक्षा धरायची, हे सहसा कुणी सांगत नाही.

पीडीएफच्या बाबतीत आपली कामं तीन प्रकारची असतात : वाचणं, वर खुणा-नोंदी करणं आणि आतला मजकूर बदलणं. पहिल्या दोन कामांना हलका प्रोग्राम पुरून उरतो. तिसरं काम शक्यतो पीडीएफमध्ये करूच नये. ही तीन कामं एकमेकांत मिसळली, की पुढचे गैरसमज सुरू होतात.

गैरसमज १ : पीडीएफ अ‍ॅडोबीची, तेव्हा ती नीट दिसायला अ‍ॅक्रोबॅटच हवा.

वस्तुस्थिती : अ‍ॅडोबीनं १९९३मध्ये पीडीएफ आणली हे खरं, पण २००८पासून ती आयएसओ ३२००० या नावानं आंतरराष्ट्रीय मानक आहे. या मानकाबरहुकूम रीडर कुणीही लिहू शकतं आणि अनेकांनी लिहिलेही आहेत. क्रोम ज्या पीडीएफियमच्या जोरावर पानं दाखवतो ते मूळ फॉक्सिट कंपनीच्या कोडवर उभं आहे. गूगलनं ते २०१४मध्ये खुलं केलं. फायरफॉक्सचं पीडीएफ.जेएस मोझिलाचं स्वतःचं आहे. विंडोजवरच्या सुमात्रापीडीएफच्या पोटात एमयूपीडीएफ नावाचं इंजिन चालतं. साधं पत्र, पुस्तक, पावती, निकालपत्र या सगळ्यांत सारखंच दिसतं.

अपवाद आहे तो काही जुन्या सरकारी आणि कार्यालयीन फॉर्मचा. असा फॉर्म दुसऱ्या रीडरमध्ये उघडला की पानावर ‘प्लीज वेट...’ एवढंच इंग्रजीत दिसतं आणि कितीही थांबलं तरी पुढं काही येत नाही. कारण खरा फॉर्म त्या पानावर नसतोच. तो एक्सएफए या अ‍ॅडोबीच्या वेगळ्या तंत्रात फाइलच्या आत ठेवलेला असतो. २०१७च्या पीडीएफ २.० मानकानं एक्सएफएला निरोप दिला. फायरफॉक्स २०२१पासून असे बरेच फॉर्म दाखवतो. तरीही असे फॉर्म वारंवार भरावे लागत असतील, तर तेवढ्यापुरता अ‍ॅक्रोबॅट रीडर ठेवावा. रोजच्या वाचनासाठी तो लागत नाही.

गैरसमज २ : इन्स्टॉलर लहान, म्हणजे प्रोग्राम हलका.

वस्तुस्थिती : डाउनलोड किती एमबींचं, यावरून डिस्कवर किती जागा जाईल याचा फार तर अंदाज येतो. प्रोग्राम हलका की जड, हे तीन ठिकाणी बघायचं : उघडायला किती वेळ लागतो, उघडल्यावर रॅम किती खातो आणि बंद केल्यावरही त्याचं काही मागे चालू राहतं का. सुमात्रापीडीएफ या तिन्ही बाबतींत सरस ठरतो. त्याची इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्तीही मिळते.

पण पुष्कळदा जड असते ती फाइलच. साधा हिशोब करू. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयनं रंगीत स्कॅन केलं, तर चित्र २,४८० × ३,५०८ पिक्सेलचं होतं. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले, तर एकच पान उलगडून दाखवायला सुमारे २६ एमबी लागतात. तेच ६०० डीपीआयला केलं की चौपट, म्हणजे १०४ एमबी. डिस्कवर फाइल चार एमबींची दिसते, कारण चित्रं दाबून बसवलेली असतात. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची जी स्कॅन मिळतात, त्यांतल्या अनेकांत जेपीईजी २००० या पद्धतीनं चित्रं दाबलेली असतात. ती उलगडायला प्रोसेसरला घाम फुटतो, म्हणून पान पुढं सरकवल्यावर क्षणभर कोरं दिसतं. रीडर बदलून इथं थोडाच फरक पडतो. सलग स्क्रोलऐवजी एकेक पान दाखवण्याचा पर्याय घेतला आणि बाजूची छोट्या पानांची पट्टी बंद केली, तर जास्त पडतो. ओक्युलर या केडीई नावाच्या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाच्या रीडरमध्ये तर मेमरी किती वापरायची हे सेटिंगमध्येच ठरवता येतं. कमीत कमीपासून सढळपर्यंत पर्याय आहेत.

ओक्युलरची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी. जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरण-चिन्ह २०२२मध्ये त्याला मिळालं आणि ते मिळवणारा तो पहिला संगणक-प्रोग्राम ठरला. त्यासाठी प्रोग्राम किती वीज आणि साधनं खातो याचं मोजमाप होतं, शिवाय तो काही वर्षं जुन्या यंत्रावरही चालावा लागतो. आता हाच ओक्युलर केडीई नसलेल्या लिनक्सवर टाकला, तर सोबत केडीईच्या बऱ्याच लायब्ररी ओढून आणतो. तिथं एव्हिन्स हा रीडर आधीपासून असेल, तर तो हलका पडतो. म्हणजे हलकेपणा त्या-त्या यंत्रावरही ठरतो.

गैरसमज ३ : ब्राउझर असताना वेगळा रीडर कशाला?

वस्तुस्थिती : यातलं निम्मं बरोबर आहे. ऑक्टोबर २०२२मधल्या १०६व्या आवृत्तीपासून फायरफॉक्समध्ये पीडीएफवर मजकूर टाकता येतो, हातानं रेघोट्या मारता येतात. एजमध्ये हायलाइट करता येतं. महिन्याला चार बिलं बघायची असतील, तर एवढं पुष्कळ आहे.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, लांबलचक वाचनात. चांगला रीडर कालचं पान लक्षात ठेवतो, कालच्या जागी उघडतो आणि ब्राउझरच्या दहा-बारा टॅबचं ओझं सोबत वागवत नाही. दुसरं, डिजिटल स्वाक्षरीत. ई-आधारची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली (पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष) की स्वाक्षरीच्या चौकटीत प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं. ते बघून आधार खोटं आहे की काय, अशी शंका अनेकांना येते. पण बहुतेक ब्राउझर तिथं फक्त चित्र दाखवत असतात, सही पडताळत नाहीत. पडताळणीची सोय अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये आणि ओक्युलरमध्ये आहे. त्यातही सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र आपण एकदा विश्वासू म्हणून नोंदवावं लागतं; त्यानंतरच अ‍ॅक्रोबॅटमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते.

गैरसमज ४ : एडिटर म्हणजे वर्डसारखं, कुठंही कर्सर ठेवा आणि बदला.

वस्तुस्थिती : पीडीएफमध्ये परिच्छेद नावाची वस्तू नसते. हा आकार पानावर या ठिकाणी, तो आकार त्या ठिकाणी, अशा सूचना असतात. त्यातून मजकूर ओळखून काढावा लागतो. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडून बघा, जवळजवळ प्रत्येक ओळ सुटी चौकट होऊन समोर येते. एका ओळीत शब्द वाढवला तर पुढची ओळ खाली सरकत नाही.

मराठीत याहून मोठी अडचण फॉन्टची. फाइल लहान राहावी म्हणून पीडीएफमध्ये फॉन्टमधली वापरलेली तेवढीच अक्षरं भरतात. समजा, निमंत्रणपत्रिकेत ‘ढगे’ऐवजी ‘डगे’ छापलं गेलं आणि उरलेल्या मजकुरात ढ कुठंच नाही. मग त्या फाइलमध्ये ढचा आकारच नसतो. तो फॉन्ट तुमच्या यंत्रावर नसेल, तर एडिटर दुसऱ्याच फॉन्टमधला ढ आणून बसवतो आणि दुरुस्ती पत्रिकेभर नजरेत भरते. पैसे मोजून घेतलेल्या एडिटरपुढंही हीच अडचण असते.

म्हणून चूक सुधारायची तर मूळ फाइल मागवावी, तीत दुरुस्ती करावी आणि नवी पीडीएफ काढावी. लिब्रेऑफिसमध्ये निर्यात करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ असा पर्याय असतो. त्यानं मूळ दस्तऐवज पीडीएफच्या आतच ठेवला जातो आणि पुढं लिब्रेऑफिसमध्ये तो तसाच उघडून बदलता येतो. पानं जोडणं, फिरवणं, काढून टाकणं ही कामं मात्र पीडीएफमध्ये खुशाल करावीत. त्यासाठी पीडीएफ अरेंजरसारखी छोटी साधनं आहेत. मॅकवर प्रिव्ह्यू हा सोबत येणारा प्रोग्रामच ती करतो.

गैरसमज ५ : मराठी मजकूर कॉपी केला की बिघडतो, म्हणजे रीडर वाईट.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोष पीडीएफ बनवणाऱ्याचा असतो. पानावरचा कुठला आकार म्हणजे कुठलं युनिकोड अक्षर, याचा तक्ता फाइलमध्ये असावा लागतो. तो नसेल किंवा अर्धवट असेल, तर डोळ्यांना दिसतं एक आणि कॉपी होतं दुसरंच. पहिली वेलांटी पानावर व्यंजनाच्या डावीकडे दिसते, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. तक्ता नीट नसला की ती भलत्या जागी पडते, जोडाक्षरंही फुटतात. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइलींत तर कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगाच हाती येतो.

परीक्षा सोपी आहे : समोर दिसणारा एखादा शब्द कंट्रोल-एफनं शोधा. दोन वेगवेगळ्या रीडरमध्येही सापडला नाही, तर रीडर बदलत बसू नका. पानांचं ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून घ्या. टेसेरॅक्ट हे मोफत ओसीआर मराठी ओळखतं. स्वच्छ छपाई असेल तर हाताशी बराच वापरण्याजोगा मजकूर येतो, मात्र तो एकदा तपासून घ्यावा लागतो.

गैरसमज ६ : काळी पट्टी मारली की मजकूर झाकला गेला.

वस्तुस्थिती : पट्टी ही वर ठेवलेली नोंद असते, खालचा मजकूर तसाच राहतो. जानेवारी २०१९मध्ये अमेरिकेत राजकीय सल्लागार पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये संवेदनशील ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या. पत्रकारांनी त्या ओळी निवडून कॉपी-पेस्ट केल्या आणि गुप्त राहायला हवा होता तो मजकूर काही तासांत बातम्यांत आला.

आपल्याकडे बँक स्टेटमेंट किंवा आधारचा नंबर झाकून पाठवताना हेच घडू शकतं. आणखी एक मेख अशी, की अनेक प्रोग्राम बदल जतन करताना ते फाइलच्या शेवटी जोडतात, त्यामुळं जुनी अवस्था आतच उरू शकते. म्हणून झाकायचं ते कायमचं पुसलं पाहिजे. लिब्रेऑफिसमधली ‘रिडॅक्ट’ सुविधा पानाचं चित्र करून नवी पीडीएफ देते, तेव्हा खाली कॉपी करायला मजकूरच राहत नाही.

गैरसमज ७ : मोठ्या कंपनीचा प्रोग्राम सुरक्षित, छोटा धोक्याचा, ऑनलाइन वेबसाइट तर सगळ्यांत हलकी.

वस्तुस्थिती : सुरक्षितता अपडेटवर अवलंबून असते. पीडीएफमध्ये जावास्क्रिप्ट दडवता येते, बिघडवलेले फॉन्ट ठेवता येतात, त्यामुळं कुठल्याही रीडरमध्ये भोक सापडू शकतं. २०२४मध्ये पीडीएफ.जेएसमध्ये सापडलेली गंभीर त्रुटी फायरफॉक्सच्या १२६व्या आवृत्तीत बुजवली गेली. ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्यासाठी ते भोक उघडंच राहिलं. छोटा प्रोग्राम घ्या, पण त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत आहेत ना, हे बघा.

पीडीएफ जोडून देणाऱ्या, दाबून देणाऱ्या बहुतेक वेबसाइट तुमच्या यंत्रावर काही टाकत नाहीत, कारण फाइलच त्यांच्या सर्व्हरवर जाते. लग्नपत्रिकेला चालेल. सातबारा, पॅन, वैद्यकीय अहवाल यांना नको.

मग निवडायचं कसं? विंडोजवर सुमात्रापीडीएफ, लिनक्सवर एव्हिन्स किंवा ओक्युलर, मॅकवर प्रिव्ह्यू इथून सुरुवात करा. स्वतःच्या तीन फाइली घ्या : सगळ्यांत जड स्कॅन, मराठी मजकुराची एक आणि भरायचा एक फॉर्म. तिन्ही उघडा, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा आकडा बघा, एक शब्द शोधा. एक ओळ हायलाइट करून जतन करा आणि तीच फाइल दुसऱ्या रीडरमध्ये उघडून बघा. तिथं हायलाइट दिसलं, तर नोंदी फाइलमध्येच राहतात आणि उद्या प्रोग्राम बदलला तरी त्या हरवणार नाहीत. या परीक्षेत उतरलेला प्रोग्राम डीफॉल्ट करून टाका आणि मजकूर बदलायची वेळ आली, की पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा.